वजन उतरवणारी वनौषधी : उपयोग किती, अपाय किती?

दवाखान्यात वजनाच्या काट्यावरून उतरल्यावर बऱ्याच स्त्रिया, आणि अलीकडे पुरुषही, पिशवीतून एखादा डबा काढून टेबलावर ठेवतात. डब्यावर पानाफुलांचे चित्र असते, एक सडपातळ तरुणी असते आणि 'शंभर टक्के नैसर्गिक, दुष्परिणाम नाहीत' असे ठळक अक्षरांत छापलेले असते. "झाडपाल्याचंच आहे, डॉक्टर. गुण नाही आला तरी अपाय तर नाही ना?" हा प्रश्न ठरलेला. लग्नसराईच्या तोंडावर तो जास्तच ऐकू येतो. आज त्याचे उत्तर जरा सविस्तर पाहू.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. वनस्पती म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत चुकीची आहे. धोतरा, कण्हेर, बचनाग ही सर्व निसर्गाचीच देणगी आहे. ज्या द्रव्यात शरीरावर परिणाम करण्याची शक्ती असते, त्यात अपाय करण्याचीही शक्ती असते. आपल्या वैद्यांना हे पूर्वीपासून ठाऊक होते. म्हणूनच ते मात्रा, अनुपान आणि रोग्याची प्रकृती पाहून औषध देत. टपालाने मागवलेल्या डब्याला तुमची प्रकृती कशी कळणार?

आता उपयोगाविषयी. इसबगोल पाण्यात फुगते, पोट भरल्यासारखे वाटते, शौचास साफ होते, कोलेस्टेरॉल व जेवणानंतरची साखर थोडी आटोक्यात राहते. वजनावरील परिणाम मात्र बेताचाच. शिवाय ते भरपूर पाण्यातूनच घ्यावे. कोरडे तोंडात टाकल्यास घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकू शकते, वृद्धांनी तर हे विशेष सांभाळावे. इतर गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचे अंतर असावे. मेथीदाण्याचेही साधारण असेच. मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना मेथीची पूड मोठ्या प्रमाणात घेतल्यास साखर नको इतकी उतरू शकते, एवढे ध्यानात ठेवावे.

ग्रीन टीचे दोन-तीन कप प्यायला हरकत नाही. त्याने वजन उतरते म्हणावे तर चाचण्यांत दिसलेली घट नगण्य आहे. परंतु त्याच पानांचा अर्क कॅप्सूलमध्ये कोंबला की गोष्ट बदलते. युरोपातील अन्नसुरक्षा यंत्रणेने २०१८ साली या विषयाचा आढावा घेतला. चहातील ईजीसीजी हे द्रव्य पूरक गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक पोटात गेल्यास यकृताला इजा होत असल्याची चिन्हे रक्तात दिसू लागतात, असे त्यात आढळले. जो पदार्थ पेयात सौम्य, तोच अर्कात तीव्र होतो, हे सूत्र बहुतेक वनस्पतींना लागू पडते.

दुकानांतून सर्वांत जास्त दिसते ते गार्सिनिया. हा आपल्या कोकमाचा दक्षिणेकडचा चुलतभाऊ. केरळात माशाच्या कालवणात घालतात ती कुडमपुळी हीच. तिच्या सालीतील हायड्रॉक्सिसिट्रिक आम्लाने उंदरांमध्ये चरबी तयार होण्याचा वेग मंदावला, तेव्हा मोठी आशा निर्माण झाली. न्यूयॉर्कमधील डॉक्टरांनी ही आशा माणसांवर तपासली आणि निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध केले. १३५ स्थूल व्यक्तींचे दोन गट केले, दोघांनाही बारा आठवडे कमी उष्मांकाचा, चोथायुक्त आहार दिला. एका गटाला गार्सिनियाची गोळी आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी पोकळ गोळी. खरी गोळी घेणाऱ्यांचे वजन सरासरी ३.२ किलो उतरले, पोकळ गोळी घेणाऱ्यांचे ४.१ किलो! हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचा नव्हता, पण गुण आहाराचा होता, गोळीचा नव्हे, हे यातून उघड होते. डब्यासोबत येणाऱ्या पत्रकात 'तळलेले, गोड बंद करा, रोज चाला' असे लिहिलेले असते ते याचसाठी. पुढे गार्सिनिया घेणाऱ्या काही जणांना यकृताची गंभीर इजा झाल्याच्याही नोंदी झाल्या. (आमटीतले कोकम यात येत नाही, गृहिणींनी काळजी करू नये. बाजारच्या कोकम सरबतातील साखर मात्र मोजावी.)

गुग्गुळाची कथा वेगळी आहे. सुश्रुतसंहितेतील मेदोरोगाच्या वर्णनावरून बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. सत्यवती यांनी १९६६ साली सशांवर प्रयोग केले, रक्तातील चरबी उतरलेली दिसली आणि पुढे त्यातून औषधही तयार झाले. परंतु अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आठ आठवड्यांनी वाईट कोलेस्टेरॉल उतरण्याऐवजी किंचित वाढलेले आढळले आणि काहींच्या अंगावर पुरळ उठले. ती चाचणी एका विशिष्ट अर्काची होती, तेव्हा वैद्यांनी तपासून दिलेला मेदोहर गुग्गुळ त्यावरून टाकाऊ ठरत नाही. पण मनाने घेण्याचे हे औषध नव्हे. काही हृदयरोगाच्या गोळ्यांचे शोषण त्यामुळे कमी होते.

आता बेल्जियममधील एक घटना, जी मला प्रत्येक वाचकाने लक्षात ठेवावीशी वाटते. ब्रुसेल्समधील वजन कमी करण्याच्या एका दवाखान्यात वर्षानुवर्षे एक उपचारक्रम सुरू होता. १९९० साली त्यात दोन चिनी वनस्पतींची भर घालण्यात आली. १९९२ च्या सुमारास तेथील मूत्रपिंडतज्ज्ञांकडे पन्नाशीच्या आतल्या स्त्रिया येऊ लागल्या. कोणालाही पूर्वीचा आजार नाही, मूत्रपिंडे मात्र झपाट्याने निकामी होत चाललेली. चौकशी केली तेव्हा सर्वांनी तोच उपचार घेतलेला निघाला. त्या दोन वनस्पतींपैकी एकीचे चिनी नाव दुसऱ्याच एका वनस्पतीच्या नावाशी मिळतेजुळते होते आणि पुड्यांत हवी ती मुळी नसून अॅरिस्टोलोकिया या विषारी वेलीची मुळी भरली गेली होती. शंभराहून अधिक रुग्ण सापडले. अनेकींना डायलिसिसवर जावे लागले, मूत्रपिंड बदलावे लागले. दुर्दैव तेथेच थांबले नाही. मूत्रपिंडे पूर्ण निकामी झालेल्या ३९ रुग्णांची निकामी मूत्रपिंडे व मूत्रनलिका खबरदारी म्हणून काढून तपासल्या, तेव्हा १८ जणांत कर्करोग आढळला. हा अहवाल २००० साली प्रसिद्ध झाला. चार-सहा किलो उतरवण्यासाठी आलेल्या या स्त्रिया होत्या! आपल्याकडची सापसण, म्हणजे ईश्वरी, ही याच वंशातील वेल आहे.

तिकडे अमेरिकेत एफेड्रा या वनस्पतीच्या गोळ्या सडपातळ होण्यासाठी सर्रास खपत. नाडीचे ठोके व रक्तदाब वाढून झटके, पक्षाघात आणि मृत्यूही झाल्यावर तेथील सरकारने २००४ साली त्यांवर बंदी घातली.

पण माझ्या मते आज सर्वांत मोठा धोका वनस्पतीचा नाहीच, तिच्या नावाखाली मिसळलेल्या रसायनाचा आहे. 'महिन्यात दहा किलो' असा दावा करणारी पूड खरोखरच गुण देऊ लागली, भूक मेली, तोंड कोरडे पडू लागले, झोप उडाली, छाती धडधडू लागली, तर आनंदण्याऐवजी शंका घ्यावी. सिब्युट्रामीन हे भूक मारणारे औषध हृदयविकार व पक्षाघाताचा धोका वाढवते म्हणून अमेरिकेत २०१० साली मागे घेतले गेले, भारतात २०११ साली त्यावर बंदी आली. तरीही निरनिराळ्या देशांतील तपासण्यांत 'हर्बल' म्हणून विकल्या जाणाऱ्या मालात ते पुन्हापुन्हा सापडले आहे. डब्यावर अर्थातच त्याचे नाव नसते.

'स्लिमिंग टी' नावाच्या पुड्यांत बहुधा सोनामुखी असते. जुलाब होतात, काटा दीड-दोन किलो खाली येतो, माणूस खूश होतो. गेले ते पाणी, चरबी जागच्या जागीच. महिनोन्महिने घेतल्यास रक्तातील पोटॅशियम घटते, पायांत गोळे येतात, आतडी आळसावतात. लघवीच्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांना हे जिवावर बेतू शकते.

वाचकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल, की १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्यातील ज्या रोगांवर इलाजाची जाहिरात करता येत नाही, त्या यादीत स्थूलतेचाही समावेश आहे. तरी जाहिराती येतात, हे आपण पाहतोच.

गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड, यकृत वा मूत्रपिंडाचे रुग्ण आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणारे यांनी अशी कोणतीही पूड मनाने घेऊ नये. शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना तिची माहिती आधीच द्यावी. बरेच रुग्ण 'औषधे कोणती चालू आहेत' असे विचारले असता हा डबा मोजतच नाहीत.

खरोखर वजन जास्त आहे का, हेही एकदा पाहावे. भारतीयांसाठी पुरुषांचा कंबरेचा घेर ९० सेंटिमीटर व स्त्रियांचा ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. माझ्याकडे येणाऱ्या कित्येक मुली या मर्यादेच्या कितीतरी आत असतात.

डबा आधीच सुरू केला असेल आणि लघवी गडद पिवळी होऊ लागली, डोळे पिवळे दिसले, अंगाला खाज सुटली, अन्नावरची वासना गेली किंवा पायांवर सूज आली, तर तो त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांकडे जावे. जाताना डबा उरलेल्या पुडीसकट बरोबर न्यावा, फेकून देऊ नये. त्यावरील बॅच क्रमांक आणि खरेदीची पावती असेल, तर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात तक्रार करता येते.