वादळ गेलं, वाडीचं काय?

कुठे वादळ झालं, पूर आला की आपण बायका आधी काय करतो? कपाट उघडतो. नेसण्यातून गेलेल्या साड्या, आखूड झालेले फ्रॉक गाठोड्यात बांधले की मदत केल्याचं समाधान! 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हाही मंडळात गाठोड्यांचा ढीग जमला. त्यात करोनाची भीती. कुणाचे वापरलेले कपडे कोण अंगाला लावणार?

मोबाइलला रेंज आल्यावर श्रीवर्धनकडच्या ओळखीच्या बायकांना विचारलं, तर यादी वेगळीच. मेणबत्त्या, काडेपेट्या, ताडपत्री, पत्र्याचे खिळे आणि दोर. दोर कशाला? तर वीज नाही, पंप बंद, आणि विहिरीवरचे रहाट कधीच गेलेले. पाणी शेंदायला दोरच नाही! शहरात बसून आपल्याला हे सुचणं कठीणच. म्हणून म्हणते, आधी विचारावं, मग टेम्पो भरावा.

छपरांची घाई मोठी होती, पाऊस तोंडावर आलेला. ते काम कसंबसं झालं. पण महिन्याभरात मदतीच्या गाड्या थांबल्या, आणि खरं दुखणं तिथून पुढे सुरू झालं. नारळी-पोफळीच्या वाड्या भुईसपाट झाल्या होत्या. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. पण पोफळ लावली की उत्पन्नाला सहा-सात वर्षं जातात. सरकारने बागांना हेक्टरी 50 हजार जाहीर केले, म्हणजे गुंठ्याला 500 रुपये. कोकणातली वाडी ती केवढी, गुंठ्यांत मोजायची! पुढे झाडामागे मदत ठरली, नारळाला 250 आणि पोफळीला 50 रुपये.

तीही कुणाला? सातबाऱ्यावर दहा-बारा नावं, निम्मी मंडळी मुंबईत. त्यांची संमतिपत्रं गोळा करता करता नाकी नऊ आले. आणि जी वहिनी रोज वाडीला पाणी लावते, जी मावशी हंगामात दुसऱ्यांची सुपारी सोलून घर चालवते, तिचं नाव कुठल्याच कागदावर नाही. तिचा रोजगार बुडाला, त्याचा पंचनामा कोण करणार?

एका मावशींनी मला सरळच सांगितलं, "ताई, धान्य नको आता. हाताला काम द्या."

ते काम वाडीतच होतं. पोफळीच्या कोवळ्या रोपाला ऊन सोसत नाही, सावलीला केळी लावावी लागते. केळीचा घड वर्षभरात मिळतो. म्हणून आम्ही जमलेल्या पैशांतून किराणा घेणं थांबवलं. केळीचे मुनवे घेतले, आणि बचत गटातल्या बायकांनी पिशव्यांत पोफळीची रोपं करायला घेतली. रोपं विकत घेणारे गावातलेच. पैसा फार नाही, पण तो बाईच्या हातात पडला. नवऱ्याच्या खात्यात नव्हे, हे मुद्दाम सांगते!

2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा पुन्हा काळजाचा ठोका चुकला. पण रोपं लहान होती, वाऱ्याच्या तडाख्यातून वाचली. केळी मात्र काही आडव्या झाल्या. बायकांनी त्यांचे मुनवे काढून पुन्हा लावले.