हातातली नळी कोण सांभाळणार?

आपला माणूस दवाखान्यात भरती झाला की पहिली सुई टोचते ती सिस्टर. आपण सुई म्हणतो, पण हातात राहते ती प्लास्टिकची बारीक नळी. सुई लगेच बाहेर निघते. कोणी तिला इंट्राकॅथ म्हणतं, कोणी कॅन्युला. लेकराला पिवळी, मोठ्या माणसाला निळी किंवा गुलाबी.

आम्ही डिप्लोमा करत होतो तेव्हा ही नळी घालायला कोणी बसवून शिकवलं नाही. मोठ्या सिस्टर घालायच्या, आम्ही बघायचो, आणि एके दिवशी गर्दीच्या वॉर्डात ट्रे आमच्या हातात आला. सरावासाठी रबरी हात असतो हे पुढे कळलं. आमचा सराव झाला तो गरिबाच्या हातावर. वीटभट्टीवरच्या एका बाईला आम्ही चार वेळा टोचलं. "होऊ द्या सिस्टर," एवढंच ती म्हणाली. खासगी खोलीतल्या पेशंटकडे मात्र जाणत्या सिस्टरलाच पाठवत.

खरा नियम असा, की दोनदा चुकलं की थांबायचं आणि जास्त अनुभवी हाताला बोलवायचं.

नळी घालणं अर्धंच काम. तिच्या तोंडातून जंतू थेट रक्तात जाऊ शकतात. म्हणून दर वेळी औषध देण्याआधी ते तोंड स्पिरिटने चोळून सुकू द्यायचं, औषधानंतर सलाईनने नळी धुवायची, प्रत्येक पाळीत जागा बघायची. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात २००३ नंतर शंभरावर आयसीयूंत डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी मोठ्या शिरेतल्या नळीसाठी पाच साध्या गोष्टी ठरवल्या. हात धुणं त्यातलीच एक. डॉक्टरने एखादी गाळली तर नर्सने त्याला थांबवायचं, हा अधिकारही दिला. दीड वर्षात तिथला रक्तातला जंतुसंसर्ग सुमारे दोन तृतीयांशाने घटला. शिकलेल्या सिस्टरच्या शब्दाला वजन दिलं की असं होतं.

जालना जिल्ह्यातून केमोसाठी छत्रपती संभाजीनगरला किंवा मुंबईच्या टाटाला जाणारे काही पेशंट दंडातून हृदयाजवळ पोहोचणारी लांब नळी, म्हणजे पिक लाईन, घेऊन गावी परततात. तिचं ड्रेसिंग आणि धुणं साधारण आठवड्याला लागतं. न शिकवलेली सिस्टर तिला हात लावायला घाबरते, आणि तिचं बरोबरच आहे. मग एका ड्रेसिंगसाठी एसटीचं भाडं आणि दोन माणसांची मजुरी जाते. मंठा असो की घनसावंगी, प्रत्येक तालुक्यात निदान दोन सिस्टरना हे काम हाताला धरून शिकवा, एवढीच आमची मागणी आहे. अनेक देशांत तर ही नळी घालतातही नर्सच.

डायलिसिसवाल्यांचं वेगळं. फिस्टुला केलेल्या हातावर बीपी मोजू देऊ नका, रक्त काढू देऊ नका, सलाईन लावू देऊ नका. रोज सकाळी तिथे बोटं ठेवा. थरथर लागली पाहिजे. ती थांबली तर डायलिसिसच्या वाराची वाट न बघता त्याच दिवशी केंद्र गाठा.

आणि पेशंटजवळ बसणाऱ्यांनो, पट्टीवर तारीख लिहिली आहे का बघा. जागा लाल झाली, सुजली, गरम लागली, दुखली किंवा पेशंटला थंडी वाजून ताप आला तर लगेच सांगा. रोज विचारा, "सिस्टर, ही नळी आज लागणार आहे का?" सिस्टर चिडली तर चिडू द्या. आम्हीही चिडायचो.