बोलणं तपासायचं, तेही ऑनलाइन?

तीन वर्षांचं मूल मोबाइलसमोर पाच मिनिटं बसत नाही, मग त्याच्या बोलण्याची तपासणी ऑनलाइन कशी होणार? पालकांची शंका रास्त आहे, पण तिच्यामागे एक गैरसमज आहे. मुलाने पडद्याकडे बघायचंच नसतं.

फोन जमिनीलगत टेकवून ठेवतात, आई मुलासोबत सतरंजीवर बसते आणि स्पीच थेरपिस्ट इअरफोनमधून तिला एकेक गोष्ट करायला सांगतात. साबणाच्या फुग्यांच्या बाटलीचं झाकण घट्ट लावायचं, बाटली मुलाच्या हातात द्यायची आणि गप्प राहायचं. मूल ती आईपुढे धरतं? तिच्या डोळ्यांत बघतं? ‘उघल’ म्हणतं? की बाटली टाकून निघून जातं? पाठ केलेल्या शब्दांपेक्षा या अर्ध्या मिनिटात जास्त कळतं. शेजारून आजीने मायेपोटी “उघड म्हण बाळा” असं सुचवलं, की तो प्रसंग पुन्हा घडवावा लागतो.

‘आईच्या सांगण्यावर कसली तपासणी?’ असंही विचारलं जातं. पण मॅकार्थर-बेट्स ही जगभर वापरली जाणारी प्रश्नावली पालकच भरतात. ती साधारण ८ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी आहे.

ऑनलाइन निष्कर्ष कच्चे असतात, हे सरसकट खरं नाही. अमेरिकेतल्या वाचा-श्रवणतज्ज्ञांच्या संघटनेने २००५ मध्येच या पद्धतीला मान्यता दिली. ऑस्ट्रेलियात ५ ते ९ वर्षांच्या २५ मुलांची भाषाचाचणी ऑनलाइन आणि समोरासमोर अशी दोन्हीकडून तपासली गेली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात गुणांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. अर्थात, हा दाखला दोन वर्षांच्या मुलाला जसाच्या तसा लावणं घाईचं ठरेल.

मर्यादा खऱ्या आहेत, आणि त्या आधीच सांगायला हव्यात. ‘स’, ‘श’ यांचे आवाज उंच पट्टीतले; कॉलमधली गोंगाट कमी करणारी सोय तेच गिळून टाकू शकते. म्हणून मुलाचं बोलणं फोनवर वेगळं रेकॉर्ड करून मागवतात. टाळू आणि जिभेची हालचाल टॉर्चच्या उजेडात थोडीफारच दिसते. आणि ऐकू येतं की नाही, हे व्हिडिओवर ठरत नाही. ‘हाक मारली की वळतो’ एवढ्यावर समाधान मानू नये. सौम्य किंवा एकाच कानाचा दोष त्यातून निसटतो. बोलायला उशीर होत असेल, तर कानाची तपासणी प्रत्यक्ष जाऊनच करायला हवी.

परदेशातल्या मराठी घरांत आणखी एक समज पक्का असतो: दोन भाषांमुळे मूल गोंधळलं, तेव्हा मराठी बंद करा. दोन भाषा ऐकल्याने भाषादोष होत नाही. खरा दोष असेल तर तो दोन्ही भाषांत दिसतो. त्यामुळे नुसत्या इंग्रजीत तपासणं अपुरं पडतं, आणि मराठी जाणणारे तज्ज्ञ गावात नसतील तिथे ऑनलाइन तपासणी फार मोलाची ठरते. फक्त त्या तज्ज्ञांना तिथे काम करण्याचा परवाना आहे का, हे आधी विचारावं. अमेरिकेत तो राज्यागणिक वेगळा असतो.