जुनी कूपे घ्यायची म्हणजे...

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. फेब्रुवारीतल्या एका रविवारी संध्याकाळी फोन वाजला. आमच्याच कारखान्यात नव्याने लागलेला, बॅलिनकॉलिगला राहणारा नाशिकचा एक मुलगा बोलत होता. "काका, गाडी ठरवली! लाल कूपे, दोन दारांची, २००६ ची. पाचशे युरो विसार देऊन टाकला."

मी विचारलं, "इन्शुरन्सवाले काय म्हणाले?"

पलीकडे शांतता. मग म्हणाला, "ते उद्या बघतो."

उद्या त्याने बघितलं. काही कंपन्यांनी सरळ नकार दिला. एकीने जो वार्षिक हप्ता सांगितला, तो गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होता. विसार बुडाला. विक्रेत्याला दोष द्यावा तर त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकांचं बालपण बजाजच्या स्कूटरवर गेलं. बाबा पुढे, आई मागे, मधे आम्ही. अशा माणसाला कॉर्कमध्ये येऊन वर्ष झालं की दिसतं, की चित्रात पाहिलेली बुटकी, झोकदार गाडी इथे तीन-चार हजार युरोत मिळते. भारतासारखंच उजव्या हाताला स्टिअरिंग. मोह होणारच. मलाही झाला होता, आणि त्याची किंमत मी मोजली आहे. पण कूपेच्या व्यवहारात जाहिरातीतली किंमत हा सगळ्यात लहान आकडा असतो. बाकीचे आकडे आधी काढायचे आणि गाडी शेवटी बघायची. आपण नेमकं उलट करतो.

सुरुवात लायसन्सपासून. भारतीय लायसन्स आयर्लंडमध्ये बदलून मिळत नाही. इथे राहणाऱ्याने थिअरीची परीक्षा, मग लर्नर परमिट, सक्तीचे धडे आणि शेवटी ड्रायव्हिंग टेस्ट असा सगळा मार्ग चालायचा. पास झाल्यावरही दोन वर्षं गाडीवर 'एन' अक्षराची पाटी, म्हणजे नवशिक्या. पुण्याच्या लक्ष्मी रोडवर पंधरा वर्षं गाडी हाकलेली असली तरी विमा कंपनीच्या लेखी तुम्ही काल जन्मलात. त्यांना हवा असतो तो नो-क्लेम बोनस, आणि भारतातला तो सहसा धरत नाहीत. आधी वर्ष-दोन वर्षं एखादी साधी हॅचबॅक चालवून इथला नो-क्लेम जमवावा. ऐकायला नीरस वाटेल, पण एवढा स्वस्त उपाय दुसरा नाही.

कूपे मनात भरली की तिचा नंबर घेऊन आधी विम्याचा भाव काढा. विसार त्यानंतर. जुन्या मालकाने सायलेन्सर बदललाय का, स्प्रिंग कापून गाडी खाली बसवली आहे का, रुंद चाकं घातली आहेत का, तेही कंपनीला सांगा. लपवलेला बदल अपघातानंतरच उघडकीला येतो आणि तेव्हा विमा हातचा जातो.

मग मोटर टॅक्स. १ जुलै २००८ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांना इंजिनाच्या सीसीवर कर, त्यानंतरच्यांना धुरातल्या कार्बन डायऑक्साइडवर. जुन्या पद्धतीत १.६ लिटरला वर्षाला ५१४ युरो, दोन लिटरला ७१०, आणि तीन लिटरच्या वर गेलात की १,८०९. गाडी स्वस्त का मिळते आहे, याचं उत्तर पुष्कळदा इथेच सापडतं. ब्रिटनमधून स्वस्त गाडी आणण्याचा सल्ला देणारे मित्रही भेटतील. व्हीआरटी हा नोंदणीकर तर आधीपासून होताच, शिवाय जानेवारी २०२१ पासून इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्समधून आणलेल्या गाडीवर व्हॅट आणि बहुधा आयातशुल्कही बसतं. तो हिशेब कागदावर मांडला की मित्र विषय बदलतात.

कागद बघताना घाई नको. नंबरप्लेटवरचे पहिले आकडे नोंदणीचं वर्ष सांगतात, 'सी' म्हणजे कॉर्क. नोंदणी प्रमाणपत्रावर समोरच्याच माणसाचं नाव आहे का ते पहा. थोडे युरो खर्चून गाडीचा इतिहास-अहवाल जरूर मागवा, कारण हप्त्यावर घेतलेली गाडी शेवटचा हप्ता फिटेपर्यंत फायनान्स कंपनीच्या मालकीची असते. विकणाऱ्याला ती विकण्याचा हक्कच नसतो. एनसीटीची, म्हणजे सरकारी तपासणीची, जुनी प्रमाणपत्रं मागून त्यांवरचं किलोमीटरचं रीडिंग जुळवा. ब्रिटनहून आलेल्या गाडीचा आकडा मैलांत असतो, हेही विसरू नका. नव्वद हजार मैल म्हणजे जवळजवळ एक लाख पंचेचाळीस हजार किलोमीटर! डीलरकडून घेतली तर २०२२ च्या ग्राहक हक्क कायद्याचा आधार मिळतो. खाजगी माणसाकडून घेतली तर तो आधार नाही; नंतर भांडायला जागा फार थोडी.

आता प्रत्यक्ष गाडी. इथे माझी फजिती सांगायलाच हवी. २००९ साली डिसेंबरात मी माझी पहिली कूपे एका सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये संध्याकाळी पाच वाजता, भर पावसात पाहिली. ओल्या पत्र्यावर सगळेच रंग चमकतात. इंजिन आधीच गरम होतं; मला वाटलं, बिचारा लांबून आला असेल. "इट्स ग्रँड, बॉय," असं तो चारदा म्हणाला. कॉर्कमध्ये 'ग्रँड' या शब्दाचा अर्थ 'अजून बंद पडलेली नाही' एवढाच असतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तीन आठवड्यांत हेड गॅस्केट गेलं. गाडी ३,२०० ची, दुरुस्ती १,४०० ची. त्या वर्षीचं भारतात जाणं रद्द झालं. आमच्या सौभाग्यवती त्यावर एक शब्दही बोलल्या नाहीत, हेच जास्त लागलं.

तेव्हापासून मी गाडी दिवसा, कोरड्या हवेत आणि थंड इंजिनावर बघतो. कॉर्कमध्ये कोरड्या दिवसासाठी थांबावं लागतं, तर थांबावं. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवायचा; ते गार हवं. मग टायर. चारही एकाच चांगल्या कंपनीचे असतील तर मालक जीव लावणारा होता. चार टायर चार कंपन्यांचे असतील तर ज्याने टायरवर पैसे वाचवले त्याने ऑइलवरही वाचवले असणार. टायर आतल्या कडेलाच झिजला असेल तर चाकांचं अलाइनमेंट बिघडलेलं आहे, कदाचित कुठेतरी जोरात आपटलेली आहे. डिकीतला गालिचा उचलून स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी साचलंय का बघा. मागच्या चाकांवरच्या कमानी आणि दारांखालची पट्टी बोटांनी चाचपा. समुद्राची हवा आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ तिथेच पत्रा खातं. कूपेची दारं लांब आणि जड असतात, ती बिजागरीवर लोंबतात. दार उघडून किंचित वर उचललं की कळतं. टायमिंग बेल्टची गाडी असेल तर तो बदलल्याची पावती मागा. "बदललाय" हे तोंडी उत्तर म्हणजे "नाही."

क्लचसाठी आपल्या शहरासारखी परीक्षा नाही. सेंट पॅट्रिक्स हिलच्या पायथ्याशी जा आणि दुसऱ्या गिअरमध्ये चढ चढा. इंजिन ओरडतं आहे आणि गाडी त्या मानाने पुढे जात नाही, म्हणजे क्लच घसरतोय. वाटेत थांबून पुन्हा निघालात तर हँडब्रेकचीही परीक्षा होते.

मॉडेलांबद्दल थोडंसं. सातव्या पिढीच्या टोयोटा सेलिकाची (१९९९ ते २००६) सुरुवातीची १.८ लिटर इंजिनं ऑइल पितात, म्हणून डिपस्टिक पाहिल्याशिवाय बोलणी नकोत. माझदा आरएक्स-८ चं रोटरी इंजिन तर मुळातच ऑइल जाळतं. कॉम्प्रेशन मोजून घेतल्याखेरीज तिच्या वाटेला जाऊ नये, आणि रोज दोन मैलांवरच्या ऑफिसला जाणाऱ्याने तर नाहीच. टोयोटा जीटी-८६ च्या २०१२-१३ च्या गाड्या व्हॉल्व्ह स्प्रिंगसाठी २०१८ मध्ये परत बोलावल्या होत्या. ते काम झालं का विचारा. फोर्डच्या जुन्या पूमावर (१९९७ ते २००२) कॉर्ककरांचं प्रेम दिसतं. १९१७ पासून १९८४ पर्यंत इथल्या मरिनावर फोर्डचा कारखाना होता, आणि हेन्री फोर्डचे वडील बॅलिनास्कार्थीहून १८४७ मध्ये अमेरिकेला गेले. पण प्रेमाने गंज थांबत नाही. पूमाच्या मागच्या कमानी आधी पहा. आज त्याच नावाने विकली जाते ती उंच, पाच दारांची निराळीच गाडी आहे.

राहिली मागची सीट. जाहिरातीत 'चार जण' लिहिलेलं असतं. पुढची सीट वाकवून मागे बाळाची खुर्ची बसवून बघा, तीही पावसात, बाळ रडत असताना. माझी आई पहिल्यांदा कॉर्क विमानतळावर उतरली तेव्हा गुडघ्यांमुळे आणि नऊवारीमुळे तिला त्या बुटक्या गाडीत बसवायला दहा मिनिटं लागली. बसल्यावर म्हणाली, "अरे, ही गाडी आहे की पाट?"

तर तो नाशिकचा मुलगा. त्याने दीड वर्ष एक जुनी १.० लिटरची हॅचबॅक चालवली, टेस्ट पास झाला, एक वर्षाचा नो-क्लेम कमावला. गेल्या सप्टेंबरात आम्ही दोघं तीन कूपे बघून आलो. पहिलीवर कर्ज निघालं. दुसरी पॅट्रिक्स हिलवर अर्ध्यात धापा टाकू लागली. तिसरी करड्या रंगाची, १.६ लिटरची, एका निवृत्त शिक्षिकेची. पावत्यांची फाइल मालकिणीच्या हातात आणि चारही टायर एकाच कंपनीचे. त्याला लाल हवी होती. थोडा वेळ तो गाडीभोवती फिरला, मग बाजूला जाऊन आधी विमा कंपनीला फोन लावला.

पुढच्या रविवारी तो आम्हाला बॅलिनास्कार्थीला, तिथल्या चौकातली मॉडेल टी ची प्रतिकृती दाखवायला घेऊन गेला. आई तेव्हा इथेच होती. तिला पुढे बसवलं. मागे, गुडघे हनुवटीला लावून, बँडनपर्यंत मी होतो. तिथून पुढे सौभाग्यवतींची पाळी.