खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे जेवण: गैरसमज आणि वस्तुस्थिती

खुब्याचे हाड मोडून शस्त्रक्रिया झालेली सत्तरी-पंचाहत्तरीतली व्यक्ती घरी येते, तेव्हा तिच्या शरीराची अन्नाची गरज नेहमीपेक्षा वाढलेली असते. जखम भरणे, हाड जुळणे, गेलेले रक्त भरून काढणे, जंतूंशी लढणे या सगळ्यांसाठी प्रथिने लागतात. ती जेवणातून मिळाली नाहीत तर शरीर स्वतःचे स्नायू मोडून मिळवते. अंथरुणाला खिळल्याने ही झीज आणखी वाढते. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सरासरी 67 वर्षांच्या धडधाकट माणसांना 10 दिवस अंथरुणात ठेवले होते. त्यांना प्रथिने नेहमीच्या शिफारशीइतकी मिळत होती, तरीही पायांमधला मेद वगळता उरणारा, म्हणजे मुख्यतः स्नायूंचा, भाग जवळपास 1 किलोने घटला. वॉकर धरून उभे राहायचे ते याच पायांच्या जोरावर. तरीही नेमके याच दिवसांत अनेक घरांत रुग्णाचे ताट सर्वांत रिकामे असते, कारण पथ्य म्हटले की काय काय बंद करायचे एवढेच डोळ्यांपुढे येते.

आजाऱ्याला हलके द्यावे, हा सल्ला चुकीचा नाही; हलके म्हणजे पातळ, ही समजूत चुकीची आहे. एका दिवसाचे जेवण मोजून पाहावे. सकाळी चहा-बिस्किटे, दुपारी मूठभर तांदळाची पेज आणि मेतकूट, संध्याकाळी वाटीभर डाळीचे पाणी, रात्री कपभर दुधातली साबुदाण्याची खीर. पेजेतल्या 40 ग्रॅम तांदळातून 3 ग्रॅम प्रथिने मिळतात. डाळीच्या वरच्या निवळीत 1-2 ग्रॅमच उतरतात, कारण खरा कस तळाच्या गाळात राहतो आणि तो घरातली बाकीची माणसे खातात. साबुदाणा म्हणजे कंदाचा निव्वळ पिठूळ भाग. त्याच्या 100 ग्रॅममध्ये प्रथिने 1 ग्रॅमही नसतात, खिरीत असतात ती दुधाची. सगळे मिळून दिवसभरात जेमतेम 15 ग्रॅम होतात. मोठ्या आजारातून उठणाऱ्या वृद्धांसाठी तज्ज्ञांची शिफारस मात्र वजनाच्या दर किलोमागे रोज 1.2 ते 1.5 ग्रॅमची आहे. 50 किलो वजनाच्या आजींना त्या हिशेबाने 60 ते 75 ग्रॅम लागतात. पोट भरल्यासारखे वाटते, पण गरज चौथ्या हिश्शानेच भागते.

यासाठी महागडे काही आणावे लागत नाही. नेहमीचेच पदार्थ दाट आणि कसदार करायचे असतात. मुगाच्या खिचडीत एरवी डाळीपेक्षा तांदूळ जास्त पडतो. इथे दोन्ही सारखे घ्यावेत: 30 ग्रॅम तांदूळ आणि 30 ग्रॅम मूगडाळ, म्हणजे अर्ध्या वाटीच्या आतबाहेर. तुपात जिरे-हिंगाची फोडणी, हळद, किसलेला दुधी किंवा गाजर आणि चौपट-पाचपट पाणी घालून कुकरला नेहमीपेक्षा दोन शिट्ट्या जास्त द्याव्यात. डावाने घोटून त्यातच चमचाभर बारीक दाण्याचे कूट मिसळावे आणि वरून चमचाभर साजूक तूप सोडावे. सोबत अर्धी वाटी दही असले की एका जेवणात 15 ग्रॅमच्या आसपास प्रथिने पोटात जातात आणि चावण्याचे कष्टही पडत नाहीत. तुपाबद्दल विनाकारण धास्ती असते. भूक मंदावलेल्या माणसाला थोडक्यात जास्त उष्मांक देणारे याहून सोपे साधन घरात नाही. एका चहाच्या चमच्यात सुमारे 45 कॅलरी असतात.

नाचणीचेही तसेच. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते हे खरे, पण पाण्यात शिजवलेल्या दोन चमचे पिठातून हाती फारसे काही लागत नाही. तेच पीठ 200 मिलिलिटर दुधात शिजवून, खाली उतरवल्यावर त्यात दोन चमचे दुधाची भुकटी कालवली की प्रथिने 10 ग्रॅमवर आणि कॅल्शियम 400 मिलिग्रॅमच्या घरात जाते. नाचणी मोड आणून, वाळवून दळलेली असेल तर आणखी बरे: मोड येताना तयार झालेले अमायलेज शिजताना पिठूळपणा मोडते, त्यामुळे तेवढ्याच पातळ लापशीत जास्त पीठ मावते. अंडे, कुस्करलेले पनीर, काटे काढलेला उकडलेला मासा, घोटलेले पिठले, डाळ घट्ट ठेवून केलेले वरण हे सगळे याच दिवसांचे अन्न आहे. एका वेळी थोडे, पण दिवसातून पाच-सहा वेळा, आणि शक्यतो कुणाच्या तरी सोबतीने द्यावे. एकट्याने खाटेवर जेवणारा माणूस कमी जेवतो. कवळी सैल झाली आहे का, तेही पाहावे. जेवण नको म्हणण्यामागे पुष्कळदा तेच कारण निघते.

‘या वयात इतके प्रथिन कशाला, किडनीवर ताण येईल’ ही भीती सरसकट खरी नाही. वाढत्या वयात स्नायू प्रथिनांना कमी दाद देतात, म्हणून गरज तरुणांपेक्षा वाढते. मूत्रपिंडे नीट काम करत असतील तर वर सांगितलेल्या प्रमाणाने अपाय होत नाही. मूत्रपिंडाचा जुना विकार असेल तर मर्यादा डॉक्टरांनीच ठरवायची. डायलिसिस सुरू असलेल्यांची प्रथिनांची गरज उलट वाढते, त्यामुळे शेजारच्या घरातले पथ्य उचलून आणू नये.

टाक्यांविषयी सर्वांत जास्त बंधने असतात: भात नको, आंबट नको, वांगे-बटाटा वातूळ, डाळीने पू होतो. पू होतो तो जंतुसंसर्गाने. हाताळणीतली अस्वच्छता, आटोक्याबाहेरची साखर आणि खुद्द कुपोषण ही त्याला निमंत्रण देणारी कारणे आहेत; भात त्यांत नाही. आंबटाची बंदी तर उलटी पडते. जखम सांधणारे कोलॅजन तयार होण्यासाठी क जीवनसत्त्व लागते. ते महिनोन्महिने न मिळालेल्या 18व्या शतकातल्या दर्यावर्दी खलाशांच्या जुन्या भरलेल्या जखमाही पुन्हा उघडत असल्याची नोंद आहे. आवळा, पेरू, मोसंबी, लिंबू रोज पोटात जावे. लिंबू वरण खाली उतरवल्यावर पिळावे. उकळत्यात पिळले तर त्यातले जीवनसत्त्व बरेचसे नष्ट होते.

पायाच्या सूपाने हाड जुळते, हा विश्वास कोकणापासून विदर्भापर्यंत दृढ आहे. सूप गरम, चविष्ट, भूक चाळवणारे असते, म्हणून जरूर द्यावे. पण हाडे उकळल्याने कॅल्शियम पाण्यात फार थोडे उतरते आणि कोलॅजन पचनात मोडून जाते. ते थेट खुब्यात जाऊन बसत नाही. वाटीभर दही या कामी जास्त उपयोगी आहे. लाल पदार्थाने रक्त वाढते, ही समजूतही अशीच. बीट आणि डाळिंब यांत लोह फारच थोडे असते. शस्त्रक्रियेनंतर हिमोग्लोबिन उतरले असेल तर डॉक्टरांनी दिलेल्या गोळीचाच खरा आधार. ती चहासोबत किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेतल्यास नीट शोषली जात नाही, म्हणून मध्ये दोन तासांचे अंतर ठेवावे.

मधुमेह असलेल्यांची उपासमार दुहेरी होते: एकीकडे गोड बंद, भात बंद, फळ बंद, आणि दुसरीकडे इन्सुलिन किंवा गोळ्या पूर्वीच्याच मात्रेत चालू. खाणे घटले की साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे दिसताच साखर तपासावी आणि शुद्धीवर असलेल्याला लगेच साखरपाणी द्यावे. डाळ, दही, अंडे, भाजी यांच्या जोडीने मोजका भात चालतो. मीठ कमी सांगितलेल्यांना सैंधव बिनधास्त दिले जाते, तेही चूक आहे. सैंधव हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच.

रक्त पातळ करणाऱ्या गोळीमुळे पालेभाज्या पूर्ण बंद करण्याची गरज नसते. पालेभाज्यांतल्या के जीवनसत्त्वाचा परिणाम वॉरफेरिन किंवा असेनोकुमारॉल या गोळ्यांवर होतो. तिथे एक दिवस भरपूर आणि चार दिवस काहीच नाही असे न करता प्रमाण सारखे ठेवायचे असते. नव्या गोळ्यांपैकी अपिक्साबान आणि रिव्हारोक्साबान यांना ही अडचण नाही.

पाणी तोडणे हा या सगळ्यांतला सर्वांत क्रूर प्रकार, आणि तो प्रेमापोटीच घडतो. वारंवार लघवीला उठावे लागू नये म्हणून घरचे पाणी कमी देतात, रुग्णही ओशाळून मागत नाही. वयानुसार तहानेची जाणीव मंदावलेली असतेच. मग मळ घट्ट होतो, वेदनाशामक गोळ्या त्यात भर घालतात, लघवीला जळजळ सुरू होते आणि कधीकधी माणूस भ्रमिष्टासारखे बोलू लागतो. स्त्रियांना दिवसाला सुमारे 1.6 लिटर आणि पुरुषांना 2 लिटर पेये लागतात. त्यात पाण्याबरोबर ताक, दूध, सूप, चहाही धरावा. मोठा वाटा संध्याकाळपूर्वी द्यावा, म्हणजे रात्रीचे उठणे कमी होते. हृदय किंवा मूत्रपिंड अशक्त असल्यास हे माप डॉक्टर ठरवतात. अशा रुग्णांना आणि पोटॅशियम वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना शहाळेही विचारूनच द्यावे.

पातळ पदार्थ गिळायला सोपा असतो, हे पक्षाघात किंवा स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या बाबतीत पुष्कळदा खोटे ठरते. पाणी घशातून वेगाने उतरते आणि श्वासनलिकेत शिरते. पातळ आमटीत तरंगणारा मोकळा भात त्याहून अवघड. झोपवून चमच्याने चहा पाजणे टाळावे. पाठ सरळ ठेवून बसवावे, चमचा लहान असावा, पहिला घास गिळल्यावरच दुसरा द्यावा आणि जेवणानंतर अर्धा तास बसवूनच ठेवावे. जेवताना ठसका किंवा त्यानंतर घोगरा, ओला आवाज आल्यास डॉक्टरांना लगेच कळवावे.

एकादशी-चतुर्थी सोडायला आजी तयार नसतील तर वाद घालण्यापेक्षा ताट बदलावे. साबुदाण्याऐवजी वरीचा भात आणि दाण्याची दाट आमटी, दुधातली राजगिऱ्याची खीर, दही. मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना मात्र निर्जळी किंवा निरंकार उपवास नको.

डब्यातली प्रोटीन पावडर प्रत्येकाला लागत नाही. खाणे खरोखरच पुरेसे जात नसेल तेव्हा आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याने ती उपयोगी पडते, जेवणाच्या बदली नव्हे. खाणे पुरते आहे की नाही, हे वजनावरून कळते. उभे राहता येऊ लागले की आठवड्यातून एकदा, त्याच वेळी, तशाच कपड्यांत वजन करावे. सहा महिन्यांत ते 5 टक्क्यांहून जास्त, म्हणजे 50 किलोच्या व्यक्तीत अडीच किलोहून अधिक, उतरले तर कुपोषणाची तपासणी करून घ्यावी. उभे राहता येईपर्यंत बांगड्या सैल होणे, दंड बारीक दिसणे आणि ताटात अर्धे अन्न उरणे यांवर लक्ष ठेवावे.