भरवशाचा साथीदार

घरी मेंदी असो, शाळेचे स्नेहसंमेलन असो वा एखाद्या मंडळाचे कीर्तन असो, ज्याने म्हणून कधी कार्यक्रमाची जबाबदारी अंगावर घेतली आहे, त्याला एक वाक्य तोंडपाठ असते : "पेटीवाले आले, पण तबलजींचा पत्ता नाही." ठाण्यास शिक्षिका असताना स्नेहसंमेलनाचे काम अकरा वर्षे माझ्याकडे होते, आणि त्या अकरा वर्षांत साथीदार मंडळींविषयी माझे मत काही फारसे चांगले बनले नव्हते. कलावंताची जातच बेभरवशाची, असे मी चारचौघांत बोलूनही दाखवीत असे. ते मत गेल्या हिवाळ्यात दुबईस पालटले. कसे, तेच आज वाचकांस सांगावयाचे आहे.

दुबईस मी गेले होते ती भाचीकडे. तेथे माझा एक जुना विद्यार्थी भेटला. मूळचा वसईचा, ख्रिस्ती घरातला, घरी मराठी बोलणारा. शाळेत असताना संमेलनाला पेटी हाच वाजवीत असे, आणि त्याच्यापुरती तरी माझी तक्रार कधीच नव्हती. आता तो चाळिशीला आला असून बर दुबईतील एका मध्यम प्रतीच्या हॉटेलात पाच जणांच्या बँडचा म्होरक्या आहे. कीबोर्ड तो स्वतः वाजवितो. "बाई, तुम्ही इथे!" असे म्हणून भर रस्त्यात तो पाया पडावयास वाकला, तेव्हा मला क्षणभर अवघडल्यासारखे झाले.

"कसं चाललंय तुझं?" मी विचारले.

"गाणं चांगलं चाललंय, बाई. माणसं टिकत नाहीत."

शुक्रवारी रात्री ऐकावयास या, असा त्याचा आग्रह होता. शुक्रवारची रात्र म्हणजे शब्बाथ. मला जाणे शक्य नव्हते. तो ओशाळला व म्हणाला, "काही वर्षांपूर्वी असतं तर गुरुवारी बोलावलं असतं." हे मला प्रथम उमगले नाही. मग त्याने सांगितले, की संयुक्त अरब अमिरातीत आठवड्याची सुटी २००६ सालापर्यंत गुरुवार-शुक्रवार असे, त्या वर्षी ती शुक्रवार-शनिवार झाली, आणि जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार झाली असून शुक्रवारी अर्धा दिवस काम असते. सरकारने पंचांग हलविले की गर्दीची रात्र हलते, आणि गर्दीची रात्र हलली की बँडचा सारा संसार हलतो. शेवटी मी शनिवारी, शब्बाथ संपल्यावर, भाचीला सोबत घेऊन गेले. ऐकण्यापेक्षा बोलणेच अधिक झाले, कारण त्या रात्री ड्रमच्या मागची खुर्ची रिकामी होती व ठेक्याचे काम यंत्रावर भागविले जात होते.

येथील व्यवहार समजून घेतल्यावाचून त्या रिकाम्या खुर्चीचा अर्थ कळावयाचा नाही. दुबईत मद्याचा परवाना मुख्यत्वे हॉटेलांना असतो. म्हणून रोजच्या रोज वाद्यवृंद लागतो तो हॉटेलांतच. मोठ्या हॉटेलांत इंग्रजी गाण्यांची कामे बहुतांशी फिलिपिनो बँडकडे आहेत. बर दुबई आणि देरा या जुन्या भागांतील हॉटेलांत हिंदी, मल्याळी गाणी चालतात. करार तीन महिन्यांचा किंवा सहा महिन्यांचा. पाच जणांचा बँड ठरला असेल तर पाच माणसे दिसली पाहिजेत. राहणे-जेवणे पुष्कळदा हॉटेलाकडेच असते, आणि वादकाचा व्हिसाही त्याला कामावर ठेवणाऱ्याच्याच नावावर निघतो. शेजारच्या शारजात मद्यबंदी असल्यामुळे तेथे असे काम जवळजवळ नाही. भाडी मात्र कमी, म्हणून स्वतःची खोली घेणारे कितीतरी वादक शारजात झोपतात आणि दुबईत वाजवितात.

मुंबईस तबलजी आजारी पडला तर म्होरक्या शेजारच्या गल्लीतून दुसरा उचलून आणतो. आपल्या भाषेत त्याला 'बदली' म्हणतात. दुबईत बदली मिळणेच दुरापास्त. प्रत्येक कलावंताच्या नावाने पर्यटन खात्याचा परवाना काढावा लागतो, आणि ज्या हॉटेलासाठी काढला तेथेच तो चालतो. पलीकडच्या रस्त्यावर मित्र मोकळा बसलेला असला तरी त्याचा व्हिसा दुसऱ्या मालकाचा. त्याने येथे येऊन काठी हातात घेतली तर तो गुन्हा. त्यामुळे एका माणसाचा ताप हा पाच माणसांचा ताप होतो. स्वतंत्र व्यवसायाचे परवाने अलीकडे निघतात खरे, पण त्याचा खर्च ज्याला झेपतो त्याला बहुधा बँडची गरजच उरत नाही; तो एकटाच लग्नांत गातो.

त्यात रमजान. त्या महिन्यात बारमधील वाद्ये बंद ठेवण्याची तेथे जुनी रीत आहे, आणि त्या महिन्याचे वेतन मिळावयाचे की नाही हे कराराच्या शब्दांवर अवलंबून. आपल्या पंचांगात अधिक महिना घालून पेसाहला वसंतातच धरून ठेवले आहे. मुसलमानी वर्ष निखळ चांद्र असल्यामुळे रमजान दर वर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतो. कधी तो उन्हाळ्यात येतो, जेव्हा दुबई तशीही ओस असते. कधी नेमका ऐन हंगामात. करोनाचा काळ तर विचारावयासच नको. मार्च २०२० मध्ये वाद्ये थांबली. पुढे सुरू झालेली जानेवारी २०२१ मध्ये दुबईत पुन्हा थांबविली गेली, आणि १७ मे २०२१ रोजी प्रथम एक महिन्याच्या प्रयोगादाखल परवानगी मिळाली. त्या अवधीत माझ्या विद्यार्थ्याच्या बँडमधील तिघे मायदेशी परतले. त्यांतला एक आज वसईस टेम्पो चालवितो.

"आजोबांच्या वेळी असं नव्हतं," तो म्हणाला. त्याचे आजोबा मुंबईच्या चित्रपटसृष्टीत व्हायोलिन वाजवीत. नातवाच्या मनात तो काळ सोन्याचा आहे. परंतु मी जे वाचले-ऐकले आहे त्यावरून ते अर्धेच खरे. मुंबईच्या हॉटेलांतून नाचगाण्याचे बँड होते, त्यांत बहुसंख्य गोव्याचे. १९५० च्या सुमारास दारूबंदी लागू झाली आणि हॉटेलांची रया गेली. मग तेच लोक स्टुडिओंच्या दारांत उभे राहिले. आल्दोन्याचे आंतोनियु वाझ, ज्यांना जग चिक चॉकलेट म्हणून ओळखते, ते सी. रामचंद्रांबरोबर काम करू लागले. १९५१ चा 'अलबेला' आठवावा. शंकर-जयकिशन यांचे वाद्यमेळ सेबॅस्टियन डिसूझा बांधीत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकविले, आणि १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तील त्या प्रसिद्ध गाण्यातील नाव म्हणजे शिष्याने गुरूला केलेले वंदन होय. या माणसांना काम रोज होते. एका दिवसात दोन-दोन स्टुडिओ गाठावे लागत. न सांगता गैरहजर राहणे परवडत नसे, कारण उद्याही तीच खुर्ची हवी असे. मग यंत्रे आली. पन्नास व्हायोलिनांचा आवाज एक माणूस दोन बोटांनी काढू लागला, आणि १९९० नंतर ते मोठे वाद्यवृंद विरत गेले.

म्हणजे भरवसा त्या माणसांच्या रक्तात नव्हता, तो उद्याच्या कामात होता. हे मी बोलून दाखविताच तो हसला. म्हणाला, "मग काम नसेल तेव्हा माणूस धरून ठेवायचा कसा?"

यावर पूर्वीच्या लोकांनी निरनिराळे उपाय योजले आहेत. नारायणगावास दर वर्षी तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे लोक येऊन जत्रेची सुपारी तेथे देतात. त्या फडाचा मालक हंगामापूर्वी कलावंताला 'उचल' देतो. ती फिटेपर्यंत ढोलकीवाला दुसऱ्या फडात जाऊ शकत नाही. मालक स्वतः ती रक्कम बहुधा कर्ज काढूनच आणतो, म्हणजे बांधणाराही बांधलेलाच. दुसरा उपाय कराराचा. कोकणी गाण्यांचे थोर रचनाकार, मडगावचे क्रिस पेरी यांच्या बँडमध्ये लॉर्ना गात असे. दुसऱ्या कोणाबरोबर गाऊ नये असा तिच्याशी करार होता, असे सांगतात. १९७० नंतरच्या काही वर्षांत दोघांचे फाटले आणि ती गप्प झाली. १९९५ साली ती पुन्हा गावयास उभी राहिली तेव्हा मध्ये वीसांहून अधिक वर्षे गेली होती. तो बँड भरवशाचा होता की नव्हता, काय म्हणावे?

तिसरा उपाय मला त्या रात्री कळला. माझा विद्यार्थी प्रथम दुबईस आला तो दुसऱ्या एका म्होरक्याच्या हाताखाली. त्या गृहस्थाने पाचही जणांचे पासपोर्ट आपल्या पेटीत कुलपात ठेवले होते. असे करणे त्या देशाच्या कायद्यास मंजूर नाही. तरी ठेवले होते. वडील वारले तेव्हा पासपोर्ट हाती पडावयास चार दिवस लागले आणि दफनविधी त्याच्यावाचून झाला. हे तो अगदी सपाट आवाजात सांगत होता.

मी शिक्षिका आहे; वर्गात पुढचा प्रश्न विचारण्याची सवय सुटत नाही. "आता तू म्होरक्या आहेस. तूही ठेवतोस का?"

तो बराच वेळ बोलला नाही. बेसवाला तारा सैल करीत होता, त्याच्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "एकदा ठेवला होता. ड्रमरचा. जहाजावर काम मिळतंय म्हणून तो निघायच्या बेतात होता. करार संपायला सहा आठवडे होते. तो गेला असता तर हॉटेलने पाचही जणांना काढलं असतं. तीन दिवस ठेवला. चौथ्या दिवशी परत दिला. तो लगेच गेला."

"म्हणून आज खुर्ची रिकामी?"

"म्हणून."

हॉटेलने त्याला नवा ड्रमर आणण्यास तीन आठवड्यांची मुदत दिली होती. त्यातले नऊ दिवस उरले होते. कोझिकोडच्या एका मुलाशी बोलणे चालले होते, परंतु त्याला दरमहा ठराविक रक्कम हवी होती, रमजान धरून. इतर चौघांना तशी हमी नव्हती. एकाला दिली तर चौघे मागणार. चौघांना दिली तर म्होरक्याच्या हाती काही उरत नाही. "मी देऊ शकत नाही, बाई," तो म्हणाला, "आणि न देता तो येणार नाही. आला तरी टिकणार नाही." मी त्याला उपदेश केला नाही. स्नेहसंमेलनाच्या तबलजीला शाळेने बिदागी कधी वेळेवर दिल्याचे मला आठवेना. एक वर्ष तर नारळ व शाल यांवरच भागविले होते, आणि पुढच्या वर्षी तो आला नाही म्हणून बोल मात्र मीच लावला होता. हे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, "मला माहीत आहे, बाई. पेटीवाल्यालाही दिली नव्हती."

दीड महिन्याने त्याचा निरोप आला. त्याने रमजानच्या महिन्यासाठी पाचही जणांना अर्धे वेतन कबूल केले आहे, आपल्या वाट्यातून. आणि त्याबदली एकच अट घातली आहे, की जावयाचे असेल त्याने तीन आठवडे आधी सांगावे व नव्या माणसाला सारी गाणी बसवून द्यावीत. पासपोर्ट ज्याचे त्याच्यापाशी. कोझिकोडचा मुलगा आला आहे. बेसवाल्याने मात्र पहिल्याच आठवड्यात नोटीस दिली. त्याला मस्कतला काम लागले आहे. तो रोज दुपारी दोन तास नव्या माणसाला घेऊन बसतो, आतापर्यंत चाळीस गाणी झाली आहेत, असे निरोपात लिहिले होते.