गर्भवती स्त्री आणि श्वानदंश

अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या उपनगरांत, रात्री उशिरा कामावरून परतताना भटक्या कुत्र्यांच्या टोळीला चुकवीत घर गाठणे रहिवाशांच्या अंगवळणी पडले आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या वस्त्यांत माकडांचाही उपद्रव असतो. घरातील कर्त्या पुरुषाला कुत्रे चावले, तर तो मुकाट्याने इंजेक्शन घेऊन येतो. चावा गर्भवती सुनेला झाला, की मात्र प्रश्न उभा राहतो : लशीने पोटातील बाळाला अपाय तर होणार नाही ना? मग ‘बाळंतपण होऊ द्या, नंतर पाहू’ असा सल्ला मिळतो. खरा धोका आहे तो या सल्ल्यात.

ही भीती अगदीच निराधार नाही. मेंढीच्या मेंदूपासून तयार केलेली जुनी लस पोटावर टोचली जात असे. त्या चौदा इंजेक्शनांची धास्ती वडीलधाऱ्यांना अजून आहे. त्या लशीमुळे काही रुग्णांना मज्जासंस्थेचे गंभीर विकारही जडत. तिचा वापर देशात २००५ पासून बंद झाला आहे. आजची लस प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींपासून तयार होते व तिच्यातील विषाणू निष्क्रिय केलेले असतात. ती दंडावर टोचतात. गर्भारपण किंवा अंगावर पाजणे ही ती नाकारण्याची कारणे नव्हेत, असे जागतिक आरोग्य संघटनेचे स्पष्ट मार्गदर्शन आहे.

अलर्क, म्हणजेच रेबीज, हा रोग बहुधा एक ते तीन महिन्यांत प्रकट होतो, क्वचित वर्षानंतरही. पाण्याची भीती वगैरे लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण सहसा वाचत नाही. तिसऱ्या महिन्यात चावा झालेली स्त्री बाळंतपणाची वाट पाहत राहिली, तर ती वाट तिला पुरेलच असे नाही.

बाळाचे काय? रेबीजचा विषाणू मुख्यतः मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे जातो, रक्तातून सहसा पसरत नाही. म्हणून वारेतून तो गर्भापर्यंत पोहोचल्याची उदाहरणे अतिशय विरळ आहेत. रेबीज झालेल्या मातांच्या पोटी निरोगी मुले जन्मल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. अशा बाळाला जन्मतःच लस व प्रतिपिंडांचे इंजेक्शन देतात आणि मातेचे दूध देत नाहीत. बाळ वाचते, पण ते आईविना वाढते. मातेने वेळीच लस घेतली, तर यांपैकी काहीच घडत नाही.

चावा किंवा ओरखडा होताच जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट यांपैकी काहीही लावू नये. पिलू घरचे आहे, नख नुसते लागले आहे, म्हणून दुर्लक्ष करणेही योग्य नाही. त्याच दिवशी महानगरपालिकेच्या रुग्णालयात जावे. घाटकोपरचे राजावाडी व अंधेरीकरांना जवळचे कूपर ही त्यांपैकीच. रक्त आले असेल, तर लशीबरोबर जखमेत प्रतिपिंडेही टोचावी लागतात. तीही गर्भवतीस देता येतात. आपण गर्भवती आहोत हे डॉक्टरांना अवश्य सांगावे, परंतु त्यासाठी इंजेक्शन लांबणीवर टाकू नये.

त्वचेत टोचावयाची लस पहिल्या दिवशी व त्यानंतर ३, ७ आणि २८ व्या दिवशी देतात. स्नायूत देताना १४ व्या दिवशीची मात्रा वाढते. घोटाळा होतो तो शेवटच्या मात्रेचा. सातव्या महिन्यानंतर सून माहेरी, कोकणात वा घाटावर जाते आणि नोंदीचे कार्ड मुंबईच्या घरी फडताळात राहते. ते बरोबर न्यावे व उरलेली मात्रा माहेरच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात ठरल्या दिवशी घ्यावी. तेथे टोचण्याची पद्धत निराळी असली, तरी लस पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही.